वह्या मिळतात, ताईंचं मानधन कोण देणार? छोट्या देणग्यांचं गणित

जून महिन्यात नाशिकच्या कुठल्याही वर्तमानपत्राची स्थानिक पुरवणी उघडा, 'गरजू विद्यार्थ्यांना शालेय साहित्याचे वाटप' ही बातमी हमखास सापडते. मागे फ्लेक्स, बाजूला पाहुणे, मधोमध नवं दप्तर छातीशी धरलेली मुलं. मार्चमध्ये पुन्हा तसाच फोटो येतो, फक्त दप्तराच्या जागी पन्नास हजारांचा पुठ्ठ्याचा भलामोठा चेक असतो आणि खाली 'अमुक कंपनीच्या सीएसआर निधीतून अमुक संस्थेस मदत' असं छापलेलं असतं. वाचणाऱ्याच्या मनात दोन शंका येतात. पन्नास हजारांत असं होतं तरी काय? आणि त्या पन्नास हजारांसाठी संस्थेची माणसं महिनाभर फाईल घेऊन का फिरत असतात?

पंचवटी आणि सातपूरकडच्या दोन-तीन लहान संस्थांचे हिशेब मी हौसेनं बघतो. वस्तीतली अभ्यासिका, वीटभट्टीवरची बालवाडी, मळ्यावरच्या मजुरांच्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग, अशी त्यांची कामं. वर्षाचा खर्च एक-दोन लाखांच्या घरात. शहरातल्या एखाद्या लग्नात सजावटीवर याहून जास्त जातात. तरी हे एक-दोन लाख उभे करणं दरवर्षी नव्यानं अवघड का जातं, ते या लेखात जमेल तेवढं सोपं करून सांगतो.

पैसा येतो कुठून

देणगी आणि ग्रँट यांत फरक आहे. देणगी दिली, पावती घेतली, की व्यवहार संपला. ग्रँट म्हणजे ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या मुदतीसाठी दिलेलं अर्थसाहाय्य. त्याचा हिशेब शेवटी द्यावाच लागतो. सरकार देतं ते अनुदान, त्याचा इथे विषय नाही.

नाशकात दानाची सवय जुनी आहे. रामकुंडावर श्राद्धाला येणारा माणूस काहीतरी हातावर ठेवल्याशिवाय परत जात नाही, आणि आई-वडिलांच्या तिथीला एखाद्या वसतिगृहात जेवण घालणारी घरं इथे भरपूर आहेत. याशिवाय रोटरी-लायन्ससारखे क्लब, कुणाच्या स्मरणार्थ काढलेले कौटुंबिक ट्रस्ट आणि वर्गणीतून काही रक्कम बाजूला काढणारी गणेश मंडळं आहेत. मोठा नवा स्रोत म्हणजे सीएसआर, कंपन्यांचा सामाजिक कामांवरचा सक्तीचा खर्च.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. कारखाना जिथं आहे त्या परिसराला प्राधान्य द्या, असंही कायदा सांगतो. सातपूर, अंबड, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकला याचा फायदा होतो.

सीएसआर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कोटींचे आकडे येतात. पण ५ कोटी सरासरी नफ्याचे २ टक्के म्हणजे १० लाख. अंबडमधल्या मध्यम कारखान्याकडे वर्षाला द्यायला एवढीच रक्कम असते, आणि ती चार-सहा ठिकाणी वाटली जाते. शिवाय ही रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर कंपनीला वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ते काम बघतं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी एचआरचा एक माणूस कँटीन, बसपास आणि सुरक्षा सप्ताह सांभाळून हेही काम करतो. बालशिक्षणातलं त्याला कळावं अशी अपेक्षाच चुकीची आहे.

एका अभ्यासिकेचं वर्ष

प्रत्यक्ष आकडे मांडल्याशिवाय पुढचं कळणार नाही. समजा, एखाद्या वस्तीत तीस मुलांची अभ्यासिका आहे. जून ते मार्च असे दहा महिने, रोज संध्याकाळी दोन तास, वर्षाला साधारण दोनशे दिवस.

शिकवणाऱ्या ताई वस्तीतल्याच, बारावी झालेल्या. त्यांचं मानधन महिना ६,००० धरलं तर ६०,००० रुपये झाले. खोलीचं भाडं २,५०० प्रमाणे २५,०००. रोजचा खाऊ, मुलामागे ५ रुपये, म्हणजे ३०,०००. वह्या, पाट्या, गोष्टीची पुस्तकं ८,०००. ताईंचा रिक्षाखर्च, फोन, कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाचा दाखला काढायचा, यासाठी ५,०००. हिशेब आणि ऑडिट ७,०००. बेरीज १,३५,०००. मुलामागे वर्षाला साडेचार हजार, म्हणजे अभ्यासिका भरते त्या दिवसाला साडेबावीस रुपये.

आता हा कागद घेऊन देणगीदारांकडे चला. वह्यांचे ८,००० पहिल्या फोनवर मिळतात. एका घरी विचारलं तर दोन घरं तयार असतात. खाऊसाठीही लोक खुशीनं देतात, कारण अन्नदान सगळ्यांना पटतं. भाड्याचं नाव काढलं की 'समाजमंदिर बघा ना' असं ऐकायला मिळतं. मानधनाला मात्र फारच थोडे जण हो म्हणतात, आणि ऑडिटचे ७,००० कुणीच देत नाही. ते बहुतेक वेळा संस्थेच्या अध्यक्षांच्या खिशातून जातात. एकूण खर्चात वह्यांचा वाटा सहा टक्क्यांच्या आत आहे आणि मानधनाचा ४४ टक्के. म्हणून तर एकेका वस्तीत मुलाकडे तीन-तीन दप्तरं असतात आणि ताईंना ऑगस्टपासून मानधन मिळालेलं नसतं.

रक्कम लहान, मग कागद इतके का?

पिंपळगावहून नाशकात टेम्पो आणायचा तर त्यात द्राक्षांचे पाच क्रेट असोत की शंभर, भाडं तेवढंच पडतं. ग्रँटच्या कागदपत्रांचं तसंच आहे. नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना, पॅन, बारा-ए आणि ऐंशी-जीची नोंदणी, तीन वर्षांचे ऑडिट अहवाल, विश्वस्तांचे आधार, ठरावाची प्रत, रद्द केलेला चेक, कामाचा प्रस्ताव, अंदाजपत्रक. सीएसआरचे पैसे असतील तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक; तो १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. काम झालं की मुलांची यादी, फोटो, बिलं आणि सीएच्या सहीचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाले असा दाखला. पन्नास लाखांच्या ग्रँटला हे लागतं आणि पन्नास हजारांच्या ग्रँटलाही लागतं.

बारा-ए आणि ऐंशी-जी हे दोन शब्द या क्षेत्रात सतत कानावर पडतात, तर तेही उरकून घेऊ. बारा-ए नोंदणीमुळे संस्थेच्या उत्पन्नावर कर लागत नाही, मात्र त्या उत्पन्नातली किमान ८५ टक्के रक्कम कामावर खर्च करावी लागते. ऐंशी-जीमुळे देणगीदाराला करात सवलत मिळते. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण बोलताना सगळे अजून ऐंशी-जीच म्हणतात, आणि पुढची दहा वर्षं म्हणतील.

यातले बरेचसे कागद खरोखर गरजेचे आहेत. पण सगळेच कायद्यानं मागितलेले नसतात. कामाचा परिणाम त्रयस्थाकडून मोजून घेण्याची, म्हणजे इम्पॅक्ट असेसमेंटची, सक्ती फक्त ज्यांचं सीएसआरचं बंधन सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे अशा कंपन्यांना आहे, आणि तीही १ कोटी वा त्यावरच्या प्रकल्पांपुरती. पन्नास हजारांच्या खाऊचा इम्पॅक्ट आलेखासह मागणारे ईमेल मी पाहिले आहेत. तो कायदा नसतो, कुठल्या तरी मोठ्या कंपनीचा नमुना उचलून चिकटवलेला असतो.

अडीच डझन केळी

कागदांचा जाच नेमका कुठे होतो, ते केळ्यांच्या खरेदीत दिसतं. तीस मुलांना अडीच डझन केळी लागतात. ताई येताना हातगाडीवरून घेऊन येतात. गाडीवाल्याकडे कसलं आलंय बिलबुक? मग संस्थेचं व्हाउचर करायचं: तारीख, 'केळी अडीच डझन', रक्कम, गाडीवाल्याचं नाव, त्याची सही किंवा अंगठा, ताईंची सही, खजिनदारांची सही. गाडीवाला पहिल्या दिवशी हसत सही करतो. आठवड्याभरानं त्याला संशय येतो की आपल्याला जीएसटीत तर अडकवत नाहीत ना. एक गाडीवाला तर चक्क 'ताई, केळी तशीच घेऊन जा, पण सही नको' म्हणाला होता.

आणि देणगीदाराची अट असते: फक्त जीएसटी बिल चालेल. मग ताई केळी सोडून बिस्किटांच्या पुड्याकडे वळतात, कारण दुकानदार छापील बिल देतो. मुलांच्या पोटात काय जावं, हे अशा रीतीनं बिलबुक ठरवतं.

याला उपाय आहे आणि तो साधा आहे. किरकोळ खर्चासाठी महिन्याला ठरावीक रक्कम ताईंकडे उचल म्हणून द्यायची, ५०० रुपयांपर्यंतच्या खरेदीला संस्थेचं व्हाउचर चालेल असं करारातच लिहायचं, आणि महिनाअखेरीस खजिनदारानं एकदा ताळा घ्यायचा. कुठल्याही सीएला हे मान्य असतं. मानधन मात्र थेट खात्यात द्यावं, आणि रक्कम ५,००० च्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावावं. एकाच माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च आयकराच्या हिशेबात धरला जात नाही, हेही खजिनदारानं ध्यानात ठेवावं.

'सरकार आहे ना, मग आपण कशाला?'

हा आक्षेप रास्त आहे. १९७५ पासून अंगणवाड्या आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ नं सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला, खासगी शाळांत २५ टक्के जागा राखून ठेवल्या. शाळेत दुपारचं जेवण मिळतं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे: गावच्या शाळेनं ते द्यायचं आणि मूल जिथं जाईल तिथल्या शाळेनं त्याच्या आधारे दाखल करून घ्यायचं.

हे सगळं आहे, म्हणूनच छोट्या ग्रँटचा उपयोग मोठा होतो. योजना आणि मूल यांच्यात जे अंतर असतं ते बहुधा एका माणसाच्या पायपिटीचं असतं. बालसंगोपन योजनेचं घ्या. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावानं चालणाऱ्या या योजनेत अनाथ, एक पालक गमावलेल्या किंवा घरी संकट असलेल्या मुलांना त्यांच्या सांभाळासाठी महिना २,२५० रुपये मिळतात. वर्षाचे २७,००० झाले. पण त्यासाठी मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, आधार, बँक खातं लागतं आणि बाल कल्याण समितीसमोर जावं लागतं. नवरा गेलेली, चार घरची धुणीभांडी करणारी बाई एका दाखल्यासाठी तहसीलला गेली की तिचा दिवसाचा रोज बुडतो. दुसऱ्या खेपेला 'साहेब मीटिंगला गेलेत' ऐकलं की ती परत जात नाही, आणि तिला दोषही देता येत नाही.

अभ्यासिकेच्या ताईंनी अशा दहा मुलांचे अर्ज मार्गी लावले, तर वर्षाला २,७०,००० रुपये सरकारकडून थेट त्या घरांत जातात. त्यासाठी झालेला खर्च वरच्या अंदाजपत्रकातल्या 'रिक्षा, फोन, दाखले' या ५,००० मधून निघतो. देणगीदार ज्या ओळीवर पहिली काट मारतात, ती हीच ओळ.

'पगारातच पैसे गेले तर मुलांना काय मिळालं?'

मुलांना ताई मिळाल्या. अभ्यासिकेत ताईंशिवाय दुसरं असतंच काय? तरीही 'आमचा प्रत्येक रुपया थेट मुलांपर्यंत गेला पाहिजे' हे वाक्य ऐकावं लागतं, आणि सीएसआरवाले त्याला नियमाचा आधार देतात: प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही.

तो नियम नीट वाचला तर वेगळाच निघतो. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या व्यवस्थापन खर्चाला आहे. एखादा प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं यावर थेट होणारा खर्च त्यात येत नाही, असं नियमाच्या व्याख्येतच म्हटलं आहे. शिक्षणाच्या प्रकल्पात शिकवणाऱ्याचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च. संस्थांनी प्रस्तावासोबत ही व्याख्या जोडावी. एचआरच्या माणसाला ती ठाऊक नसते, कळली की त्याचीही सुटका होते, कारण वर साहेबांना दाखवायला काहीतरी हातात येतं.

वस्तूंचा आग्रह धरणाऱ्यांना एक सुचवावंसं वाटतं. वह्या द्यायच्याच असतील तर जूनमध्ये नको, दिवाळीनंतर द्या. जूनमधल्या तोवर संपलेल्या असतात आणि त्या दिवसांत वाटपाचा कार्यक्रम कुणी करत नाही.

'आणि पैसे खाल्ले तर?'

खाणारे आहेत. म्हणून आधी बघून घ्यावं. आपल्याकडे सार्वजनिक न्यासांची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयात होते, आणि ते कार्यालय नाशकातही आहे. संस्थेकडे नोंदणी क्रमांक आणि ताजा ऑडिट अहवाल मागा. विश्वस्त बदलले असतील तर बदल अर्ज दाखल झालाय का विचारा. जुन्या संस्थांत भांडणाची सुरुवात बहुधा इथूनच होते. मुलं रात्री मुक्कामाला राहत असतील तर बाल न्याय कायदा २०१५ खालची नोंदणी आहे का, हे विचारणं सर्वांत महत्त्वाचं. ती नसेल तर काम कितीही भावनिक वाटलं तरी पैसे देऊ नका.

मग एकदा जाऊन या. संध्याकाळी साडेसहाला अभ्यासिकेत अर्धा तास बसलात की हजेरीपट खरा आहे की नाही ते कळतं. ताईंना मुलांची नावं पाठ आहेत का, मागच्या आठवड्यात न आलेला मुलगा का आला नाही हे त्यांना माहीत आहे का, एवढं पाहिलं तरी ऑडिट अहवालात नसलेलं बरंच समजतं.

फोटोचा मोह मात्र आवरा. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही छापायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं मनाई आहे; त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि कायदा राहू द्या, आपल्या पोराचा 'गरजू विद्यार्थी' म्हणून फोटो पेपरात आलेला आपल्याला चालेल का?

करसवलतीचं थोडक्यात: ऐंशी-जीची पावती असेल तर अशा संस्थांच्या देणगीवर साधारण निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. रोख २,००० च्या वर दिलेत तर काही मिळत नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावटच नाही. नोकरदार देणगीदारांपैकी पुष्कळांना हे मार्चअखेरीस कळतं.

मार्च आणि द्राक्षं

आता वेळेचं, जे मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकतं.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतली आदिवासी कुटुंबं पावसाळा सरला की द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरतात. गिरणाऱ्याच्या चौकात सकाळी मजुरांचा बाजार भरतो, तिथून पिकअप भरभरून मळ्यांकडे जातात. काही जण रोज ये-जा करतात. बाकीचे भात आणि नागली घरात आली की बिऱ्हाडासह दिंडोरी, निफाडकडे मुक्कामाला येतात, ते काढणी होईपर्यंत. ऑक्टोबर छाटणीपासून बागेत काम असतं, जानेवारीपासून काढणीची घाई. होळीला मात्र काहीही झालं तरी घरी परतायचं. आदिवासी पट्ट्यात होळीइतका मोठा सण नाही. त्यामुळे मळ्यावरच्या वर्गाचा हंगाम दिवाळी ते होळी.

कंपन्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च. पहिले महिने मागच्या वर्षाचे ताळेबंद आणि मंजुऱ्यांत जातात, पावसाळ्यात प्रस्ताव मागवले जातात, दिवाळीत साहेब सुट्टीवर असतात. फेब्रुवारीत एकदम जाग येते, कारण खर्च न झालेली रक्कम चालू प्रकल्पाची असेल तर वेगळ्या खात्यात टाकावी लागते आणि नसेल तर सरकारनं ठरवून दिलेल्या निधीत भरावी लागते. मग मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात संस्थेला फोन येतो: पंचवीस तारखेपर्यंत बिलं देऊ शकाल का? तोवर मुलं होळीसाठी गावी परतलेली असतात. मळ्यावर वर्गच नसतो. संस्थेपुढे दोन वाटा राहतात, नाही म्हणायचं किंवा शंभर दप्तरं घेऊन त्याचं बिल द्यायचं. शंभर दप्तरं घेतली जातात. मार्चमधल्या फोटोतल्या पुठ्ठ्याच्या चेकमागे अनेकदा ही घाई असते.

कंपनीला हे टाळता येतं. एकापेक्षा जास्त वर्षांचा प्रकल्प मंजूर करायला कायद्याची ना नाही. ज्या वर्षी काम सुरू झालं ते सोडून पुढची तीन वर्षं तो 'चालू प्रकल्प' म्हणून चालवता येतो. एकदाच दिलेल्या दोन लाखांपेक्षा तीन वर्षं, सप्टेंबरमध्ये मिळणारे सत्तर-सत्तर हजार मळ्यावरच्या वर्गाला जास्त उपयोगी पडतात. ताईंना सांगता येतं की पुढच्या हंगामालाही तुम्हीच आहात. नाहीतर त्या दुकानात कामाला लागतात आणि दरवर्षी नवीन मुलगी शोधून शिकवून तयार करावी लागते.

सध्या २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीचे दिवस आहेत. रस्ते, घाट, पूल यांची कामं निघाली की परगावचे मजूर येतात, त्यांच्यासोबत मुलंही येतात. ज्यांना यंदा काही द्यायचं आहे त्यांनी साइटवरच्या मुलांच्या वर्गाचा विचार करायला हरकत नाही. फक्त त्या वर्गाचा हंगाम ठेकेदाराच्या कामाप्रमाणे चालेल, तुमच्या ३१ मार्चप्रमाणे नाही.

संस्थेची नोंदणीच नसेल तर?

वस्तीतलं चांगलं काम बऱ्याचदा बचत गटाच्या बायका किंवा एखादं मंडळ करत असतं. त्यांना सीएसआरचे पैसे थेट मिळू शकत नाहीत. कंपनीबाहेरच्या संस्थेला बारा-ए, ऐंशी-जी आणि सीएसआर-१ तर लागतंच, शिवाय तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. लगेच ट्रस्ट काढा असा सल्ला मी देत नाही. नोंदणीनंतर दरवर्षीचं ऑडिट, विवरणपत्रं, बदल अर्ज हे सगळं मागे लागतं, आणि दीड लाखाच्या कामाला ते झेपत नाही.

त्यापेक्षा ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली जाणं बरं. मोठ्या संस्थेनं तो वर्ग आपला प्रकल्प म्हणून चालवायचा, ताईंना आपल्या खात्यातून मानधन द्यायचं, हिशेब आपल्या ऑडिटमध्ये धरायचा. एका ट्रस्टनं दुसऱ्या ट्रस्टला देणगी देण्यापेक्षा हे सरळ पडतं, कारण तशा देणगीतली ८५ टक्केच रक्कम देणाऱ्याच्या खर्चात मोजली जाते. बदल्यात मोठी संस्था पाच-सात टक्के मागेल. ते द्यावेत, वरच्या अंदाजपत्रकातलं ऑडिट त्यातच होऊन जातं.

'माझा भाचा अमेरिकेत आहे, तो देईल'

कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या मंडळींकडून हे दर महिन्याला एकदा तरी ऐकू येतं, म्हणून शेवटी याचंही सांगतो. परदेशी पैशांसाठी एफसीआरए हा वेगळा कायदा आहे, २०१० चा. त्याखाली नोंदणी हवी असेल तर संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि तीन वर्षांत मिळून १५ लाख रुपये कामावर खर्च केलेली असावी लागते. आपल्या अभ्यासिकेचा तीन वर्षांचा खर्च जेमतेम चार लाख, तिला हे गाठणं शक्यच नाही. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे फक्त दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात येऊ शकतात, आणि ज्या संस्थेकडे ते आले तिला ते दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत. आधी मोठ्या संस्था परदेशातून घेऊन छोट्यांना वाटत असत, ती वाट तेव्हापासून बंद आहे.

पण भाच्याचा भारतीय पासपोर्ट कायम असेल, तर त्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी मानले जात नाहीत. तो अमेरिकेचा नागरिक झाला असेल, अगदी मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, मानले जातात. तेव्हा संस्थेचा खाते क्रमांक त्याला व्हॉट्सॲपवर पाठवण्याआधी पासपोर्ट कुठला ते विचारून घ्या, आणि भारतीय असेल तर पासपोर्टची प्रत संस्थेच्या फाईलला लावायला सांगा.